डेन्व्हरची पेनी

१

"ही पेनी खोटी आहे," परीक्षक म्हणाला.

बाहेरगावचा माणूस. समोर अकरा वर्षांची पोर उभी आहे, तिची आई उभी आहे, निम्मं गाव हातात डोनट धरून उभं आहे, याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. भिंगावरचा डोळा काढायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

आमच्या नाणे-क्लबचं वार्षिक प्रदर्शन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरतं. मुलांच्या विभागात यंदा तीनच टेबलं लागली होती आणि बक्षीस कोणाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लॉवेल हावरकॅम्पची नात कॉरी हिने आपलं निळं फोल्डर काचेच्या चौकटीत मांडलं होतं. हे फोल्डर म्हणजे पुठ्ठ्याचं पुस्तक. त्यात प्रत्येक सालच्या पेनीसाठी, म्हणजे एका सेंटच्या नाण्यासाठी, एक गोल भोक असतं, भोकाखाली साल छापलेलं असतं. बँकेतून पेन्यांच्या कागदी गुंडाळ्या आणायच्या, फोडायच्या, एकेक पेनी डोळ्यांखालून घालायची, आणि आपल्याकडे नसलेलं साल सापडलं की त्या भोकात अंगठ्याने दाबून बसवायचं. उरलेल्या पेन्या पुन्हा गुंडाळून बँकेत परत. यात माणसांची आयुष्यं जातात आणि त्यांना पत्ता लागत नाही.

या फोल्डरातलं सगळ्यात अवघड भोक म्हणजे १९१४ सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीचं. सालाखाली बारीक 'डी' असतो. झिजलेल्या पेनीलासुद्धा दोनशे डॉलर पडतात. कॉरीला ती दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या स्वयंपाकघरात, बँकेच्या गुंडाळीत सापडली होती. क्लबच्या पत्रकात कॉरीचा फोटो मीच छापला होता. बाजूचे दोन दात नव्हते तिला तेव्हा.

"मुळात ही १९४४ची आहे," परीक्षक म्हणाला. "पहिला चार खरवडून त्याचा एक केलाय. लिंकनच्या खांद्यापाशी बघा, शिल्पकाराची तीन बारीक अक्षरं आहेत. १९१४च्या पेनीवर ती नसतात. शिवाय नऊ आणि एक यांच्यामध्ये केवढी जागा सुटलीय. भिकार काम आहे."

कॉरीने आजोबांकडे पाहिलं. लॉवेलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"खरी होती ती," तो म्हणाला. "मी स्वतः भिंगाखाली बघितलीय. कोणीतरी बदलली."

आणि त्याने कॉफीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या रूडी पाचेकोकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं. त्याच्या पाठोपाठ अख्ख्या हॉलने पाहिलं, आणि लपवून काय करू, मीही पाहिलं.

२

रूडी तीन वर्षं कॉरीच्या आईच्या, म्हणजे जनेलच्या घरी राहतो आहे. भंगाराच्या आवारात काम करतो. पूर्वी एकदा पडक्या शाळेतले तांब्याचे नळ काढून विकले म्हणून आठ महिने आत होता. एवढं पुरतं आमच्या गावाला.

त्याच संध्याकाळी जनेलने त्याला सांगितलं, पुढच्या रविवारी दुपारपर्यंत सामान उचल. क्लबच्या अध्यक्षांना पोलीस नको होते. त्यांनी मला फोन केला.

"व्हर्ना, तू जरा बघ ना. तू बँकेत होतीस, तुला चोर कळतात."

"मला खिडकीपलीकडची माणसं कळतात," मी म्हटलं. "त्यातले चोर फारच थोडे निघाले. बाकीचे नुसते खोटारडे."

मी, व्हर्ना स्टोल्ट्झ, क्लबची चिटणीस, वय एकाहत्तर. एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसले. लॉवेलला पेन्यांची खोकी मीच सरकवत आले. आमची मैत्री त्या काचेच्या दोन बाजूंना झाली. तो विधुर, मी विधवा, गावाने आमची लग्नंही लावून टाकली होती. आम्ही आपले पेन्या मोजत राहिलो.

सोमवारी भंगाराच्या आवारात गेले. रूडी एका मोडक्या गाडीची सीट उपटत होता.

"या मिसेस स्टोल्ट्झ. हात नाही मिळवत, ग्रीस आहे. विचारा काय विचारायचंय."

"पेनी तू घेतलीस?"

"नाही. झालं? पुढचा प्रश्न?"

"असा चिडू नकोस. रविवार लांब नाही."

तो सीटवरच बसला. "तुम्ही मला सांगा, एका पेनीत तांबं किती असतं? मला चोरायचं असतं तर मी पौंडाच्या भावाने चोरेन. अनुभव आहे माझा." हसला, पण हसू पुढे गेलं नाही. "मला त्या पेन्यांतलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला सांगतो, गाडी दाबायच्या आधी आम्ही सीटा काढतो. खाली काय काय निघतं. कंगवे, खेळणी, नाणी. पहिल्या वर्षी कॉफीचा डबा भरून नाणी साठवली मी पोरीसाठी. काळी झाली होती. म्हणून रात्रभर व्हिनेगरमध्ये घातली, दात घासायच्या ब्रशने एकेक घासली. आरशासारखी चमकत होती. तिच्या वाढदिवसाला दिली."

मी कपाळाला हात लावला. आमच्यात नाणं धुणं म्हणजे पाप. जुना तपकिरी रंग गेला की नाणं मेलं, त्याला कोणी विचारत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही आम्ही हे आधी शिकवतो.

"हां, असाच हात लावला म्हाताऱ्यानेही," रूडी म्हणाला. "मग हसला. पोरीला म्हणाला, नाणी कशी मारतात ते बघून ठेव. सगळी सिंकमध्ये ओतली. ती पण हसली हो. लहान आहे, आजोबा हसले की हसते."

"तू काय केलंस?"

"वेचली आणि त्यातून गाडीत पेट्रोल भरलं."

परत येताना मी विचार करत होते. ज्याने पेनी बदलली त्याला शंभर पेन्यांतली किमती कोणती ते माहीत होतं, आणि तिच्या जागी ठेवायला खोटी कुठे मिळते हेही माहीत होतं. नाणी व्हिनेगरमध्ये भिजवणाऱ्या माणसाला यातलं काय माहीत असणार? मग ते माहीत असलेला माणूस कोण? प्रदर्शनाआधी दोन दिवस ते फोल्डर एका माणसाच्या दुकानात एकटं होतं, आणि त्याच्याइतकं खोटं नाणं पन्नास मैलांत कोणाला कळत नाही.

३

मिल्ट झेलिंकाचं दुकान लाँड्रीच्या शेजारी आहे. तो नाणी विकतो, विकत घेतो, आणि प्रदर्शनासाठी काचेच्या चौकटी करून देतो. मला पाहताच त्याने हात वर केले.

"आलीस! मला वाटलंच होतं. दोन दिवस फोल्डर माझ्याकडे होतं, म्हणजे मीच."

"तूच?"

"व्हर्ना, मी चोरली असती तर जागेवर इतकी भिकार पेनी ठेवली असती? अपमान आहे हा माझा. हे बघ, माझ्याकडे किती सुंदर खोटी आहेत."

त्याने काउंटरखालून मखमली ट्रे काढला. झेलिंकाचा खोट्यांचा ट्रे आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. नवख्यांना शिकवायला ठेवतो तो. चिकटवलेली अक्षरं, कोरलेले आकडे, तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी पेन्या. प्रत्येक खोटं आपापल्या खाचेत, खाली चिठ्ठी.

एक खाच रिकामी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४-डी.

"ही कुठे गेली?"

त्याने ट्रे आत सरकवायला घेतला. मी त्यावर हात ठेवला.

"विकली," तो म्हणाला. "बारा डॉलरला. शक्यतो नाही विकत मी असला माल. पण शिकवायला हवीय म्हणाला, म्हणून दिली."

"कधी? गेल्या आठवड्यात?"

"कसली गेल्या आठवड्यात! दोन वर्षं होऊन गेली. बर्फ होतं बाहेर."

"कोणाला?"

झेलिंका वीस वर्षं माझ्याशी वाद घालत आला आहे, पण त्या दिवशी त्याने आवाज खाली आणला.

"नाव विचारू नकोस. गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही, आणि हे ऐकून तुलाच बरं वाटणार नाही."

४

बुधवारी शाळा सुटल्यावर जनेलच्या घरी गेले. जनेल दवाखान्यातून नुकतीच आली होती, अंगावर कामाचेच कपडे. रूडीचे बूट दाराशी एका पिशवीत भरून ठेवले होते.

"माझे वडील खोटं बोलतील का, मिस व्हर्ना?" ती म्हणाली. "कॉरीसाठी जीव टाकतात ते. आणि रूडीने... त्याने आधी केलंय ना असं?"

"त्याला विचारलंस?"

"काय विचारायचं? नाहीच म्हणणार तो."

कॉरी आपल्या खोलीत पलंगावर बसली होती. मी पेनीचं नाव काढलं आणि तिचं तोंड रडवेलं झालं. ज्याचं काही चोरीला गेलंय त्याचं तोंड निराळं दिसतं. हे काहीतरी करून बसलेल्या माणसाचं होतं. चार दिवस आम्ही मोठ्या माणसांवर संशय घेत हिंडतो आहोत, आणि पोरीनेच काही केलं नसेल ना?

"कॉरी, तू तिला काही केलंस?"

तिने होकाराची मान हलवली. मग उशीच्या अभ्र्यात हात घालून एक वही काढली.

"आजोबांना नाही ना सांगणार? शपथ?"

"आधी बघू दे."

"मी खराब केली ती. माझ्यामुळे झालं सगळं. रूडीने काहीच केलं नसेल."

वहीच्या पानापानांवर पेन्सिलीचे करडे गोल होते. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की त्याचा छाप उठतो, तसे. प्रत्येक गोलाखाली तारीख, कुठे सापडलं, कोणी शोधलं. जगातली सगळी मुलं हे करतात. आमच्या क्लबातल्या एखाद्या म्हाताऱ्याने पाहिलं असतं तर त्याची शुद्ध हरपली असती. नाण्याला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं, फुंकर मारायची नाही. मग पेन्सिलीने घासणं तर दूरच. म्हणून पोर हे चोरून करत होती.

"मी जोरात घासलं असेन," ती मुसमुसत म्हणाली. "म्हणून ती तशी झाली."

"घासून आकडे पुसतात बाळा. नवी अक्षरं उगवत नाहीत." मी पानं उलटत होते. "ज्या दिवशी सापडली त्या दिवशीचा छाप आहे?"

"त्याच दिवसाचा. आजोबा फोन घ्यायला बाहेर गेले होते."

तिने पान काढून दिलं. मी चष्मा पुसला आणि खिडकीशी गेले. छाप स्वच्छ होता. एक, नऊ, मग मोकळी जागा, मग एक आणि चार. खऱ्या पेनीवर नऊ आणि एक जवळजवळ असतात. इथे मधे एवढी जागा होती की एक आख्खा आकडा तिथून उठून गेला आहे हे आंधळ्यालाही कळावं.

पेनी गेल्या आठवड्यात बदललेली नव्हती. पेनी कधीच बदललेली नव्हती. चोरीच झाली नव्हती.

"ती सापडली कशी, सांग बरं," मी म्हटलं.

"आम्ही खूप गुंडाळ्या बघितल्या होत्या. मला कंटाळा आला होता, मी घरी जाते म्हणत होते. मग आजोबांनी एक गुंडाळी माझ्यासमोर सरकवली. ही शेवटची, ही तुझी, म्हणाले. ती पटकन उघडली. बाकीच्या टेबलावर आपटाव्या लागतात ना, तशी नाही."

एकतीस वर्षं मी त्या गुंडाळ्या हाताळल्या आहेत. यंत्रावर बांधलेल्या गुंडाळीचं टोक असं घट्ट वळलेलं असतं की नखं तुटतात. पटकन उघडते ती हाताने बांधलेली.

वहीच्या शेवटच्या पानावर मथळा होता, 'खोटी कशी ओळखायची'. खाली आजोबांनी शिकवलेली यादी. एकोणीसशे नऊची, बावीसची, त्रेचाळीसची लोहचुंबक लावून. नऊ प्रकार, व्यवस्थित चित्रांसह. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारी खोटी पेनी म्हणजे १९१४-डी. नवख्याला पहिला धडा तिचाच देतात. लॉवेलने तो धडा क्लबमध्ये निदान दहा वेळा दिलेला मी ऐकला आहे.

यादीत ती नव्हती.

५

शनिवारी सकाळी लॉवेलच्या स्वयंपाकघरात शिरले. टेबलावर नेहमीसारखं बँकेचं खोकं. त्याने कॉफी ओतली.

"काही कळलं का त्या चोराचं?" त्याने विचारलं.

"झेलिंकाला बारा डॉलर देऊन एक पेनी घेतलीस. शिकवायला हवीय म्हणालास. कोणाला शिकवलंस, लॉवेल?"

कॉफी बशीत सांडली. तो पुसत बसला. पुसून झाल्यावरही पुसत होता.

"कॉरीला सगळी खोटी शिकवलीस," मी म्हटलं. "ही एक सोडून. दोन वर्षं तिला प्रदर्शनात मांडू दिलं नाहीस, यंदा नको, पुढच्या वर्षी, म्हणत राहिलास. या वर्षी तिने फॉर्म स्वतः भरला, आणि पाचावर धारण बसली तुझी. झेलिंकानेही चौकट करताना ती ओळखली असणार, पण तो गिऱ्हाइकाचं फोडत नाही. गुंडाळी तू हाताने बांधलीस, आणि तिच्याकडे छाप आहे त्या दिवसाचा. पेन्सिलीचा."

"नाण्याला पेन्सिल लावली तिने?" तो ओरडला. खरंच, पहिला शब्द त्याच्या तोंडून हा निघाला. मग तो खुर्चीत बसला आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

"ती जात होती, व्हर्ना," तो म्हणाला. "सात वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवरून उतरायची नाही. नऊची झाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्या दिवशी म्हणाली, आजोबा, पुढच्या शनिवारी मी आले नाही तर चालेल? मला ठाऊक होतं असं होणार. पेनी तयार ठेवली होती. तिला काहीतरी सापडायला हवं होतं, एवढंच. सगळेच करतात, मुलांच्या गुंडाळीत एखादं चांगलं नाणं घालून ठेवतात."

"चांगलं नाणं घालतात. खोटं नाही."

तो खोक्यातल्या गुंडाळ्या सरळ लावायला लागला.

मी उठले, त्याच्या कपाटातून त्याचं स्वतःचं फोल्डर काढलं. मला जागा माहीत होती. तिसरं पान. १९१४-डी तिथे होती, तपकिरी, शांत, खांदा कोरा. जनेलच्या जन्माआधीपासून ती तिथे होती.

"ही का नाही घातलीस त्या गुंडाळीत?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्याचं बोट मागितलं.

"माझ्या पानात भोक पडलं असतं."

"दुसरी घ्यायचीस. दोनशे डॉलर तर आहेत तुझ्याकडे."

"एक असताना दुसरी कशाला घ्यायची?" तो म्हणाला, आणि त्याला हे खरोखरच बिनतोड वाटत होतं. पन्नास वर्षं मीही याच लोकांत वावरले आहे. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि कळलं म्हणून जास्त किळस आली.

"आणि रूडी?"

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"तू बघितलंस त्याच्याकडे."

"तो तसाच आहे. आज ना उद्या काहीतरी उचललंच असतं त्याने." मग टेबलाकडे बघत म्हणाला, "परवा शाळेत निबंध लिहिला तिने. 'माझी माणसं' म्हणून. पहिलं नाव त्याचं. भंगारवाला! गाड्यांचं काहीबाही दाखवतो तिला. मी दुसरा."

मी त्याचं फोल्डर त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने आपल्या फोल्डरमधून पेनी काढली. अंगठ्याने मागून ढकलली. "ऐक. हिला घेऊन जातो. कपाटामागे सापडली म्हणतो, खोटी मीच कधीतरी चुकून बसवली असेन म्हणतो. रूडी सुटला, पोरीची खरी परत मिळाली. सगळ्यांचं भागलं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. रूडीला घर मिळत होतं, पोरीला पेनी मिळत होती, आणि माझ्या एकुलत्या एका मित्राची अब्रू राहत होती.

"तिच्याकडे छाप आहे," मी म्हटलं. "आज नाही तर वर्षाने ती दोन्ही शेजारी ठेवून बघेल. तूच शिकवलंयस तिला बघायला. उद्या दुपारी बारापर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगते."

"ती परत यायची नाही, व्हर्ना."

"ते तू गुंडाळी बांधायच्या आधी बघायचं होतंस."

६

रविवारी साडेअकराला मी जनेलच्या स्वयंपाकघरात होते. बाहेर रूडी पिकअपमध्ये खोकी चढवत होता. टेबलावर थंड झालेले पॅनकेक तसेच पडले होते. लॉवेल येईल असं मला वाटत नव्हतं. पण तो आला, टाय बांधून आला, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रूडीचं नाव न घेता त्याच्याकडे पाहिलं, हेसुद्धा सांगितलं. तेवढं श्रेय त्याचं.

जनेल भिंतीला टेकली. "बाबा," एवढंच म्हणाली आणि बाहेर धावली.

कॉरी खुर्चीत ताठ बसली होती. मला वाटलं आता रडेल. ती परीक्षकासारखी एकेक विचारत गेली.

"मला सापडली तेव्हा ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुम्ही उड्या मारल्या होत्या माझ्याबरोबर."

"हो, कॉरी."

"तेव्हा तुमच्याकडे खरी होती?"

लॉवेलने माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली.

"होती," तो म्हणाला. खिशातून छोटं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हीच ती. आता तुझी. घे."

तिने पाकिटाला हात लावला नाही.

"आता तुमच्या पानात भोक पडेल ना?"

"पडू दे. मला काही नाही त्याचं."

"आता नाही," कॉरी म्हणाली. "तेव्हा होतं."

आणि ती उठून बाहेर गेली. लॉवेल तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहिला, की अजून खोकं आहे, शनिवारी बघू, एकोणीसशे एकतीसची राहिलीय. मला ते ऐकवेना. मी तिच्या मागे गेले.

पिकअपच्या खिडकीशी जनेल उभी होती.

"उतर ना, रूडी. चुकलं माझं. सगळं कळलंय आता."

"आज कळलं," रूडी म्हणाला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "आठ दिवस मी याच घरात होतो, जनेल. भांडी घासली, कचरा बाहेर ठेवला. एकदा तरी विचारलंस का, घेतलीस का म्हणून? मिसेस स्टोल्ट्झनी विचारलं. तू नाही."

"मला वाटलं..."

"तेच ना. तुला वाटलं. उद्या घरात दुसरं काही हरवेल. किल्ली, अंगठी, काहीही. तेव्हाही तुला वाटेलच. मी दर वेळी बारा वाजेपर्यंत थांबायचं का?"

जनेल मागे सरली आणि पायरीवर बसली. कॉरी पुढे झाली. तिची हनुवटी जेमतेम खिडकीपर्यंत पोचत होती. मी मनात म्हणत होते, सांग त्याला, आम्हाला माहीत होतं तू नाहीस म्हणून, तेवढ्याने राहील तो. लहान मुलाने असं म्हटलं तर माणूस राहतो.

"रूडी," ती म्हणाली, "त्या दिवशी हॉलमध्ये, पहिल्यांदा... मलापण तूच वाटला होतास."

रूडीने तिच्याकडे पाहिलं. हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला, ग्रीसचा विचार न करता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी बघत होतो तुझ्याकडे."

त्याने गाडी चालू केली. कॉरीचं तेच वाक्य मलाही त्याला सांगायचं होतं, आठ दिवस सांगायचं होतं. मी बाजूला झाले आणि त्याच्या गाडीला वाट दिली.